तिच्या आईची क्रीमची डबी

मंडळी, मी इथं क्वचितच लिहितो. आज लिहावंसं वाटलं.

माझी बायको जाऊन चार महिने झाले. पंधरा दिवसांपूर्वी आमची मुलगी आईची अर्धी उरलेली क्रीमची डबी टाकायला निघाली. पोरीच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या.

“पप्पा, यात खोबरेल हाय. मोबाइलवर तोंडाला काय लावू नये त्याची यादी आली, यानं कातडीची छिद्रं बुजतात.”

मी तेलगावजवळच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासतो. म्हटलं, “गावाचं नाव ऐकून आमी कॅन परत करत न्हाई. आतलं दूध तपासतो. गालाच्या कडेला थोडी लावून बघ.”

“आन पुटकुळ्या आल्या तर?”

“तर मीच टाकतो.”

बोललो खरा, पण जीव डबीत अडकला होता.

मला वेगळाच संशय होता: पोरीच्या कपाळावर रोज धुळीपासून बचावाचा स्कार्फ घट्ट बांधलेला असतो. टँकर चार दिवसांनी येतो, म्हणून तो धुतलाच जात नव्हता. माझ्या वाटणीच्या पाण्यातून तो मी दिवसाआड धुतला.

आज सकाळी तिनं क्रीम लावलेला गाल दाखवला. स्वच्छ. कपाळही निवळलंय. दुसऱ्याच्या त्वचेचं मी सांगत नाही, पण नुसत्या नावावरून निकाल देऊ नये, हे नक्की.

मग तिनं आईसारखीच बोटाच्या टोकावर क्रीम घेतली. रोज अशी घेतली तर डबी महिन्याभरात संपेल. संपू दे.

तुम्ही नुसती यादी वाचून काय टाकून दिलंत?