कॅमेऱ्यापुढचा जबडा

ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार हनुवटीभाऊ म्हणे. समोर कोणीही बसो, त्याचं पालुपद ठरलेलं: "हनुवटी थोडी वर... ओठ मिटा... हां, हलू नका." गंमत अशी, की हनुवटी नावापुरती होती ती त्याचीच. खालचा जबडा मुळातच मागे. वरचे दात पुढे आलेले आणि तोंड मिटलं की खालचे थेट टाळूला टोचणारे.

पण हे बाजाराला ठाऊक नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात त्याने आरशासमोर एक युक्ती साधली होती. खालचा जबडा पुढे ओढून धरायचा आणि ओठ अलगद मिटायचे. पुढे धंदाच कॅमेऱ्याचा निघाला, तशी युक्ती अंगवळणी पडली. मुलगी बघायला गेला तेव्हाही जबडा पुढेच होता. बायकोला खरा चेहरा दिसला तो लग्नानंतर, जेवताना. "दुकानातला नवरा वेगळा नि ताटावरचा वेगळा," असं ती बहिणीला हसत सांगायची.

टाळूची जखम भरेना आणि सकाळी कानापुढचा सांधा ठणकू लागला, तेव्हा तिनेच त्याला वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी ठसे घेतले, फोटो काढले, एक्स-रे काढून घेतला. "मागचे दात मिटा," त्या म्हणाल्या. त्याने मिटले.

पुढच्या खेपेला बाईंनी सांगितलं, "वरच्या-खालच्या जबड्यात फरक फार नाही. वरचे दोन दात काढू, तारा लावू, पुढचे दात मागे घेऊ."

"म्हणजे ऑपरेशन नाही?"

"या मापावरून तरी नाही."

त्याला एवढंच ऐकायचं होतं. सुरीची त्याला भारी धास्ती. पडत्या फळाची आज्ञा मानून तो उठलाच.

"डॉक्टर," बायको खुर्चीतून न हलता म्हणाली, "ह्यांना एकदा खाताना बघा."

"अगं, चल ना!"

"ह्यांचा हा चेहरा दुकानाचा आहे. घरचा निराळा."

बाईंनी त्याला पुन्हा आडवं केलं. जिभेचं टोक टाळूला जमेल तितकं मागे लावून, अंग सैल सोडून तोंड हळूच मिटायला सांगितलं. जबडा मागे सरकला. बाईंनी मोजपट्टी लावली आणि पहिल्या मापाचा कागद बाजूला ठेवला.

"केव्हापासून पुढे धरताय?"

"मी? मी काही धरलं नव्हतं." तो खोटं बोलत नव्हता. समोर भिंग नाहीतर परकं माणूस आलं की जबडा त्याला न विचारताच पुढे जाई.

मग बाईंनी सगळं नव्याने मांडलं. वाढत्या वयात आला असता तर जबड्याला पुढे वळण देणारी पट्टी लावता आली असती. आता हाडाची वाढ संपली. तारा लावा नाहीतर पारदर्शक साचे, सरकतात ते फक्त दात, जबडा नाही. एवढा फरक नुसत्या तारांनी झाकायला गेलं, तर वरचा ओठ आत बसेल आणि चावा तरीही नीट जुळणार नाही. खरा इलाज म्हणजे आधी तारा, मग खालचा जबडा कापून पुढे बसवायचा, आणि पुन्हा तारा. काही आठवडे पातळ खाणं. खालच्या ओठाला बधिरपणा येईल. बहुतेकांचा जातो, काहींचा थोडा राहतो.

"आणि काहीच नाही केलं तर?"

"जखम भरेल, पुन्हा होईल. विचार करून सांगा. घरी निवांत असताना बाजूने एक फोटो काढून पाठवा. इथे तुम्ही सैल बसणार नाही."

रस्त्यात तो धुसफुसला. "घरभेदी!"

"बरं. खोट्या जबड्यावर दात बसवून घेतले असते, तर जन्मभर तो धरूनच झोपला असतात का?"



रविवारी दुकानाचं दार आतून लावून तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला, भिंतीकडे तोंड करून. स्वतःचा बाजूचा फोटो त्याने आजवर काढलाच नव्हता. कॅमेऱ्यामागे बायको होती. पहिल्या फोटोत जबडा पुढे, दुसऱ्यातही.

"अहो, जेवायला बसलाय असं समजा."

त्याने श्वास सोडला. खटका वाजला.

पडद्यावरचा फोटो त्याने मोठा करून पाहिला. गिऱ्हाइकाचा फोटो तपासावा तसाच.

"हाच पाठव," तो म्हणाला. "आणि ऑपरेशनसाठी दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल, तेवढं विचार."