वंश ओळखणारे शेजारी

मल्हारगंजातले आमचे शेजारी शेती कॉलेजातून रिटायर झाले, तरी दिवसभर सूक्ष्मदर्शकाशी बसून भातपिकावरचे मेलेले तुडतुडे किडे ओळखत. "भिया, डोक्यावरच्या रेषा देखो, वंश कळतो," असं ते हळू म्हणत. बोलताना त्यांची पापणी लवत नसे.

एकदा मी बाबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो दाखवायला नेला. त्यांनी तो भिंगाखाली धरून चिमट्याचं टोक एकेका कपाळावर ठेवलं.

"बाबा आणि हे तुमचे दोघे भाऊ एका वंशाचे. तुम्ही अलग आहात."

मला दत्तक घेतल्याचं गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

"कुणाला सांगू नका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या कपाळावरची नजर न काढता किड्यांना लावायचं एक कोरं लेबल पुढ्यात ओढलं.