पक्कड घ्यावी तर चांगली

युसुफभाई गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं, तेही मीच फोन केला म्हणून. अकोल्यातल्या माझ्या घरी मोरीतला नळ बंद होईना. असं काही झालं की मी दर्यापूरला फोन लावायचो. नळासाठी ते काही एसटीने येणार नव्हते, पण आधी काय खोलायचं, वायसर कसा बसवायचा, हे फोनवर सांगायचे, आणि तेवढ्या निमित्ताने आमचं बोलणं व्हायचं. या वेळी फोन त्यांच्या पत्नीने, जुबेदाभाभींनी उचलला. "परवा सकाळी गेले सर... छातीत दुखून राहिलं म्हणे, अन् बसल्या जागीच," एवढंच त्या म्हणाल्या. दफन झालेलं होतं. आम्हां दोघांनाही ओळखणारं तिसरं माणूस फारसं नव्हतंच, त्यामुळे मला कळवायचं कुणाला सुचलं नाही, यात कुणाची चूक नव्हती.

मी दर्यापूरच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. शाळेच्या भिंतीपलीकडे युसुफभाईंचं, मोटरी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. एकदा शाळेची मोटर दुरुस्त करून ते हात पुसत ग्रंथालयात आले, तेव्हा मी एका फाटक्या पुस्तकाला खळ लावून नवा पुठ्ठा चिकटवत होतो. बराच वेळ पाहून म्हणाले, "सर, तुमचं बी रिपेरिंगचंच काम हाये की. मले वाटे, मास्तर लोक नुसते वाचतात." त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानातल्या लाकडी खोक्यावर बसायचं, हा माझा नेम झाला. बोलणं थोडं व्हायचं. ते पंप खोलायचे, मी सोबत आणलेलं पुस्तक वाचायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कोण?" युसुफभाई म्हणायचे, "हे आमचे साहेब हायेत, काम बरोबर होते का नाई ते पाहून राहिले."

ते कापसाच्या पडत्या भावाचे दिवस होते. नवा पंप कुणी घेत नव्हतं. जुनाच तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दुरुस्तीला यायचा, आणि त्याआधी कुणीतरी घरच्या घरी हातोडी-छिन्नी चालवून नटाचे कोपरे गोल करून ठेवलेले असायचे. अशा नटाला ठरावीक मापाचा पाना लागत नाही. तिथे लागते ती जबडा मागेपुढे सरकवून हव्या त्या खाचेत अडकवता येणारी मोठी पक्कड. युसुफभाईंची पक्कड त्यांच्या उस्तादाची होती, दात पार झिजलेले. एकदा मी कामानिमित्त अमरावतीला निघालो, तर म्हणाले, "सर, येता येता एक पक्कड आणता का? दुकानदाराले सांगा, चांगल्यातली पाहिजे. मीच गेलो असतो, पण या लोकाइच्या फवारण्या अडून राहिल्या."

दुकानदाराने माझ्यापुढे दोन पकडी ठेवल्या. कामाला दोन्ही सारख्याच असतील, असं मला वाटलं. एक काळपट, जड, ओबडधोबड; दुसरी चकचकीत, लाल रबरी मुठींची, आणि बरीच स्वस्त. पुस्तक हातात घेतल्यावर नुसत्या कण्यावरून बांधणी ओळखणारा मी, लोखंडाच्या बाबतीत मात्र वेष्टणावर भाळलो. वर मनाशी म्हणालो, युसुफभाईंची बचत केली. त्यांनी ती हातात घेतली, दोनदा उघडमीट केली, खाचेवरून अंगठा फिरवला. मग हसून म्हणाले, "झकास! सर, आता तुमी बी अर्धे मिस्त्री झाले." हत्यारं मांडायच्या लाकडी पाटीवर तिची जागा सगळ्यांत पुढे झाली.

पंधरा दिवसांनी भातकुलीकडच्या एका शेतात, गंजलेला नट सोडवताना, पक्कड जोरात दाबलेली असताना जबडा खाचेतून निसटला आणि दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. मध्ये त्यांची करंगळी होती. पुढचं पेर काढावं लागलं. ऐन फवारणीच्या हंगामात उजवा हात बांधलेला, दुकान बंद. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "नट लय गंजला होता." हात बरा झाल्यावर दुकान उघडलं, तेव्हा पाटीवर नवी पक्कड होती, अमरावतीला मी नाकारली होती तसलीच काळपट, ओबडधोबड. लाल मुठींची खिळ्याला टांगलेली. मला सगळं समजलं. त्याच संध्याकाळी बोलायला हवं होतं... मी पुस्तकाचं पान उलटलं.

मग माझं जाणं कमी होत गेलं. कधी शाळेचं काम, कधी डोकेदुखी. त्यांच्या त्या आखूड बोटाकडे पाहवत नसे, हे खरं कारण. निवृत्तीनंतर मी अकोल्याला आलो आणि उरले ते नळाचे फोन. असाच एकदा विचारलं, घरासाठी पक्कड घ्यायची आहे, कुठली घेऊ? एवढ्या वर्षांत त्यांनी जे सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं, आवाजात जराही टोचणी नाही. "पक्कड घ्यान तं चांगलीच घ्या सर. घडवलेल्या लोखंडाची. खाचेत बसली का हलाले नाई पाहिजे. हलकीचे दात नटावरून घसरतात, नट बी जाते अन् हात बी. दाबून पाहा, पुरी मिटली तरी मुठीमंधात बोटाले जागा राह्यली पाहिजे. चांगली असन तं नट पकडते, गोल पाइप बी पकडते, धा पाने घ्याचं काम नाई. माणूस सरते, ते नाई सरत." मी "बरं" म्हणालो. माफी मागण्याची एवढी मोकळी जागा त्यांनी ठेवली होती, आणि मी "बरं" म्हणालो.

दीड महिन्यानंतर दर्यापूरला गेलो. भाभींसमोर बसून सांगून टाकलं की ती पक्कड हलकी होती, मी न ओळखता आणली, आणि कळल्यावरही बोललो नाही. भाभी नवल वाटल्यासारख्या पाहत राहिल्या.

"त्याहिले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं सर. घरी येऊन म्हणे, कच्चं लोखंड हाये."

"मग वापरली कशाला?"

"म्या बी तेच म्हटलं. तं म्हणे, सर रोज येतात, पाटीवर नाई दिसली तं त्याहिले कसं वाटन. बोटाचं त्याहिले काही नव्हतं सर. साडेनऊ बोटं बी लय होतात म्हणे. पण तुमी येणंच सोडलं... शाळा सुटली का रोज शाळेच्या फाटकाकडं पाहेत."

निघताना मी दुकानाची किल्ली मागितली.

आता मी बाजाराच्या दिवशी दर्यापूरला जातो. भाभींकडून किल्ली घेतो, दुकान उघडून दोन-तीन तास बसतो. पुस्तक नेतो, वाचन होत नाही. दुरुस्तीला कुणी येत नाही, पण आसपासची माणसं ती काळपट पक्कड मागायला येतात. मी ती कुणाच्या हाती देत नाही, सोबत जातो. ते दाखवतात त्या पाइपाला किंवा बोल्टला लावतो, खाच नीट बसली का पाहतो, आणि मुठी दाबून ठेवतो. पलीकडून पान्याने नट फिरवणारा दुसराच असतो. "झालं सर, सोडा आता," असं तो म्हणेपर्यंत मी धरून उभा राहतो.