अडकलेला पिस्टन आणि महादेवाची पालखी

वडिलांचे पुढचे दोन दात पडले आणि आमच्या घरातला ट्रम्पेट मुका झाला. मानवतजवळच्या आमच्या गावात त्यांचा चौघांचा बँड होता. लग्नसराईवर घर चालायचं. दातांचा आधार गेला की ओठ टिकत नाही, सूर फुसकतो. म्हणून नववीतच ते वाद्य माझ्या हाती आलं. मला वाजवता यायचं, पण सरळ वाजवता यायचं नाही. मठात भजन म्हणणारे बाळूअप्पा एकच ओळ रोज वेगळ्या वाटेनं न्यायचे. हे ते कसं करतात, याचं मला लहानपणापासून कुतूहल. मीही सिनेमाच्या गाण्यात तेच करायला जायचो आणि वऱ्हाडी नाचायचं थांबायचे.

"गाणं सोडून कुठं हिंडायलायस रं?" वडील म्हणायचे. "लोकांनी नाचायचं का तुला हुडकायचं? पालखीला सरळ वाजव. तिथंबी हुकलास तर ट्रम्पेट चुलत्याला देतो."

श्रावणी सोमवारी पालखी उठली आणि ट्रम्पेटचा मधला पिस्टन, सूर बदलायची दाबकळ, खाली गेला तो वर आलाच नाही. चूक माझी. हलका चालावा म्हणून मी त्यात घरातलं करडईचं तेल घातलं होतं. ते आत गोंदासारखं धरलं. निम्मे सूर गेले. पालखीकडं बघून मनात म्हटलं, देवा, आता तूच वाजव. उरलेल्या सुरांवर बाळूअप्पांच्या वाटेनं निघालो. थोड्या वेळानं बाळूअप्पांनीच माझ्या सुरात 'शिव शिव' धरलं, मग सगळ्या गावानं.

देवळापाशी एक अनोळखी म्हातारा पुढं आला. चुडाव्याचा, रेल्वेतला निवृत्त गार्ड. विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती, म्हणून गावात अडकलेला. "बेटा, ये किससे सीखा?"

"मठात. बाळूअप्पांकडून."

ते हसले. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा बापलेकाला घरी बोलावून एक तबकडी लावली. कुणी परदेशी माणूस ट्रम्पेट घेऊन गाणं सोडून लांब हिंडत होता. "इसको जॅझ बोलते," गार्डसाहेब म्हणाले. वडील कान देऊन ऐकत राहिले. "ह्यो बी तुझ्यावानीच बिघडलेला हाय की," ते म्हणाले. मग हळूच, "पण घरी परत येतो बरं का."

त्या दिवशी पिस्टन चालला असता, गार्डसाहेबांना बस मिळाली असती, तर? योगायोग की देवाची करणी, मी वाद घालत नाही. हाती उरलेले सूर महादेवाच्या पायाशी ठेवले, एवढंच माझं. ट्रम्पेट चुलत्याकडं गेला नाही. पुढं मी बीए झालो, घरातला पहिला. आणि आज जॅझ वाजवून घर चालवतो.