शिप्रेच्या पुलापलीकडे

देवासहून गाडी सुटायच्या आधी लाजवंतीने टेकडीवरच्या देवीला हात जोडले आणि मला विचारलं, "काकासाहेब, कागद बरोबर घेऊ ना?" खरं तर गरज नव्हती. याच वर्षी तिला नागरिकत्व मिळालं आहे. धारला जायला आता तिला कुणाला विचारावं लागत नाही. तरी ती घरात जाऊन प्रमाणपत्राची प्रत घेऊन आली, आणि मीही ती हातात घेऊन एकदा तपासली. दोघांचीही सवय जुनी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. आमचं घराणं मराठी दरबाराबरोबर माळव्यात आलं आणि इथलंच झालं. आम्हाला कुणी कागद विचारले नाहीत. लाजवंती आणि तिचा नवरा सिंधमधून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आले आणि आमचे शेजारी झाले. अशा माणसांना इथला एक जमानतदार (जामीन राहणारा) लागतो, तो मी झालो. व्हिसावर राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असे. त्याबाहेर जायचं तर परवानगी काढावी लागे. पुढे तिचा नवरा वारला, मुलाने दुकान सांभाळलं, आणि मुदतवाढीच्या अर्जांवर माझ्या सह्या होत राहिल्या.

तिची मोठी बहीण ईश्वरी लग्न होऊन आधीच धारला आलेली. पूर्वी ती देवासला येऊन राहायची. मग तिला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींना फोनच्या पडद्यावर पाहत होत्या. देवासहून धार सकाळी निघालं तर जेवायच्या आत येतं.

इंदूरच्या रस्त्याला शिप्रा नदी लागते. अलीकडे देवास जिल्हा, पलीकडे इंदूर. अमावास्येला लाजवंती या काठापर्यंत स्नानाला येत असे. पूल दिसताच ती म्हणाली, गाडी थांबवा, मला चालत जायचं आहे.

"पुलावर थांबवली तर चलान कटेल, माताजी," गोवर्धन म्हणाला. हा आमचा गाडीवाला, पन्नाशीचा माळवी माणूस. त्याने गाडी पूल ओलांडून कडेला घेतली. लाजवंती उतरली, मागे देवासच्या टोकापर्यंत चालत गेली आणि पुन्हा आली. मालमोटारींच्या वाऱ्याने तिचा पदर उडत होता. गुडघ्यांमुळे मी गाडीतच बसलो होतो.

"इंदूरचं पाणी गोड आहे का, बघताहेत," गोवर्धन मला म्हणाला.

ती परत येऊन बसली. जरा दम खाऊन म्हणाली, "एवढाच आहे होय पूल?"

मी गोवर्धनला गाडी काढायला सांगितलं.

इंदूर मागे टाकून घाटाबिल्लोदला आम्ही चहाला थांबलो. लाजवंतीने डबा उघडून मला कोकी (कांदा घालून खरपूस भाजलेली जाड सिंधी पोळी) दिली. मला जे सांगायचं होतं ते धार येण्याआधी सांगायचं होतं. बहिणी भेटल्यावर सांगणं म्हणजे त्यांच्या आनंदाच्या आड लपणं झालं असतं. गोवर्धन टायर पाहायला गेला तसं मी बोललो.

"ईश्वरी आजारी पडली तेव्हा तू विचारलं होतंस, धारला जायचा काही मार्ग आहे का. मी नाही म्हणालो. मार्ग होता. अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

तिने डब्याचं झाकण लावलं. चहा तसाच ठेवला आणि गाडीत जाऊन बसली.

त्या वेळी मी तिला एवढंच सांगितलं नव्हतं. पुलापलीकडे पाऊल टाकलंस तर अटक होईल आणि सीमेपार पाठवतील, असंही म्हणालो होतो. विनापरवानगी जाणं हा गुन्हा होता, म्हणजे निम्मं खरं होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. तिच्या प्रत्येक अर्जापायी मला पोलिसांसमोर उभं राहावं लागे, आणि काही चुकलं तर माझी पेन्शन अडकेल अशी भीती मी मनात धरली होती. पुढे नियम सैल झाले, राज्यात फिरायची मोकळीक मिळू लागली. तेही मी वाचलं आणि गप्प राहिलो. बोललो असतो तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं.

सीमेवर तणाव वाढला की तिला चौकशीला बोलावणं येई. मी सोबत जाई. बाकावर बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राही. नागरिकत्वाच्या कामात भेटलेल्या वकिलांनी परवा सांगितलं, परदेशी माणसालाही असं उचलून पाठवता येत नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, त्याला वकील घेता येतो, कोर्टात दाद मागता येते. हे मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं. ती घाबरलेली असणं माझ्या सोयीचं होतं.

गाडी धारच्या रस्त्याला लागली. गोवर्धनने आरशातून दोनदा पाहिलं आणि गाणी बंद केली.

ईश्वरीचं घर किल्ल्याच्या खालच्या वस्तीत आहे. ती दारातच खुर्चीवर बसली होती. लाजवंती तिच्या पायाशी बसली आणि तिचा लुळा हात स्वतःच्या गालावर धरून राहिली. मी अंगणातल्या नळावर पाय धूत राहिलो, लागत होता त्याहून बराच जास्त वेळ. मग दोघींचं सिंधी सुरू झालं. मला सिंधी येत नाही, पण मधेच 'शिप्रा' आणि 'जमानत' ऐकू आलं आणि आता गोष्ट माझी चालली आहे हे कळलं. ईश्वरीने मला बराच वेळ न्याहाळलं. मग जड जिभेने बहिणीला हिंदीत विचारलं, "खाना दिया इनको?"

जेवण झाल्यावर ईश्वरी हट्ट धरून बसली, मांडूचा किल्ला पाहायला जायचंच. धडधाकट असताना तिने तो बेत केला होता, पण धाकटीला सोडून तिला जायचं नव्हतं. आम्ही तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. घाटात तिने काच खाली करायला लावली. दरीत पळसाची झाडं, वर पडक्या कमानी, आणि मधेच फुगलेल्या बुंध्यांची ती करडी झाडं. इकडे त्यांना खुरासानी इमली म्हणतात, म्हणजे आपली गोरखचिंच.

गोवर्धनने अशाच एका झाडाखाली गाडी लावली. माहीतगाराच्या थाटात सांगितलं, हे झाड इथलं नाही, सुलतानांच्या काळात समुद्रापारहून आलं.

लाजवंतीने बुंध्यावर हात ठेवला. माझ्याकडे न बघता गोवर्धनला म्हणाली, "भिया, याचा जमानतदार कोण होता?"

गोवर्धनला काही कळलं नाही. गाडीत ईश्वरी अर्ध्या तोंडाने खदखदून हसली. मलाही हसू आवरलं नाही.

"तुम्ही हसू नका, काकासाहेब," लाजवंती वळून म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे."

पण संध्याकाळी ढाब्यावर दाल-पानिये (मक्याच्या पिठाचे, पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजलेले गोळे) आले, तेव्हा तुपाची वाटी तिने माझ्याकडे सरकवली. मी पोटभर जेवलो. जेवताना मी माफी मागितली, दिली असं ती म्हणाली नाही. राग मात्र तिने तोंडावर सांगितला. इतकी वर्षं ती माझ्याशी फक्त अदबीने बोलत आली होती.

दोघींना धारला सोडून मी निघालो. लाजवंतीने कोकीचा डबा माझ्या हातात दिला.

"डबा पाठवू नका. मी आले की घेईन."

"कधी येशील?" तोंडातून निघून गेलं. हाच प्रश्न मी तिला वर्षानुवर्षं विचारला होता, ती बाजारात निघाली तरी.

"बघू," ती म्हणाली.

शिप्रेच्या पुलाशी गोवर्धनने विचारलं, काकाजी, थांबवू का? मी नको म्हटलं. डबा मांडीवर होता. उरलेली कोकी मी पुलावरच खाल्ली, आणि ती संपायच्या आत पूल संपला.

गल्लीत शिरताच लाजवंतीचा मुलगा दुकानातून बाहेर आला. आई नाही आली? मग कधी येणार?

"मला काय माहीत," मी म्हणालो.