टिपिंग पॉइंटले काऊन चालली?

माझ्या बाबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही. त्यांची हयात गेली टिपर चालवण्यात. खदानीतून मुरूम भरायचा आणि धाड गावाच्या आसपास जिथं रस्ता होत असेल तिथं नेऊन ओतायचा. आणि त्यांची लेक शिकली काय, तर समुद्राचे प्रवाह! आता बोला.

अटलांटिकमध्ये जाणाऱ्या जहाजावर माझी निवड झाली, तेव्हा हुरळून घरी फोन लावला. जयभीम झालं न झालं, तोच एका दमात सांगून मोकळी झाले, की टिपिंग पॉइंटचा अभ्यास करायला चालले.  बाबा म्हणाले, "जाचं नाही."

कारण काही सांगेनात. मी चिडले, रडले, अबोला धरला. तसं त्यांना न विचारता जाता आलं असतं. पण त्यांचं मन मोडून आजवर मी काहीच केलं नव्हतं, आणि जहाजावरची संधी सोडायला तर जीव धजत नव्हता. शेवटी तणतणत घरी आले.

"एक कारण तरी सांगा न, बाबा!"

भाकर मोडता मोडता ते थांबले. "अवं माय, जिथं उलटते तिथंच काऊन चालली तू? जहाज काय टिपर आहे, उलटलं तं क्रेन लावून उभं करता येईन?"

अरे बाप्पा! टिपिंग म्हणजे पलटी, पॉइंट म्हणजे जागा. त्यांच्या लेखी समुद्रात एक ठिकाण होतं, जिथं जहाजं पलटी खातात, आणि त्यांची लेक मुद्दाम तिथंच निघाली होती. फोन आल्यापासून माणूस धड जेवला नव्हता, असं मायनं सांगितलं. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"जहाज नाही उलटत, बाबा. तिथं गरम, खारं पाणी उत्तरेला जाते, थंड होऊन जड होते, बुडते आणि तळातून परत फिरते. पण बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं, का ते हलकं होते, बुडत नाही. मग प्रवाह मंदावते. तुमी टिपरचा हौदा उचलता, तेव्हा मुरूम लगेच पडते का?"

"नाही. आधी चिकटूनच राह्यते. मंग एकदाचा सुटला, का सबन खाली."

"मग हौदा खाली घेतला तर परत चढते?"

"काईतरीच बोलतं वं!"

"तसंच आहे ते. सुटते तोच टिपिंग पॉइंट, अन् तो कुठं येईल हे नक्की कोणालाच माहीत नाही. म्हणून पाण्याचं मीठ अन् गरमी मोजायला चाललो आम्ही."

त्यांनी मोडलेल्या भाकरीचा घास घेतला. मग विचारलं, "म्हणजे अजून सुटला नाही?"

"नाही. चालू आहे प्रवाह."

"हौदा खाली घेता येते अजून?"

"येते. जगानं धूर कमी केला, तर येते."

"मंग माह्याशी काऊन भांडून राह्यली? जाय न!" आणि मायकडे वळून म्हणाले, "हिच्या बॅगेत सुटर टाकजो. थंडी असन तिथं."