गुळणीनंतर ताणणारी तार

"डॉक्टरबाई, आजच्या आज ही तार काढा. नाहीतं मी घरी पकडीनं तोडून टाकीन."

सुनंदाबाई एकोडीच्या. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतात. पुढच्या तिरप्या दातांमुळे त्यांचा 'स' नीट उमटत नसे, म्हणून साकोलीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये त्यांनी ब्रेसेस लावले होते. वर्षानुवर्षं सासवा रंगवल्यावर या सीझनला पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळालं होतं. आणि नेमका पडदा उघडायच्या वेळी जबडा इतका ताणायचा की संवाद अडखळायचे. शनिवारीही असंच झालं तर रोल दुसरीला, असं मॅनेजरने बजावलं होतं.

मी ब्रॅकेट तपासले, म्हणजे दातांवर चिकटवलेले, तार धरून ठेवणारे तुकडे. सगळे जागच्या जागी होते.

"आता दुखतं का?"

"आता काहीच नाही ना. तेच तं."

तार काढली की सरकलेले दात मागे फिरणार. मी पुन्हा तार चाचपू लागले. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. "गुळणी करून घेऊ द्या. तालमीले जायचं हाय." बेसिनवर मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या केल्या आणि गाल धरूनच वळल्या.

"पाहा, सुरू झालं."

मी फ्रीजमधलं पाणी तोंडात धरायला दिलं. ताण उतरला. मग तशाच तारेचा तुकडा गार पाण्यात वाकवून दाखवला. तो वाकलेलाच राहिला. थर्मासच्या पाण्यात टाकला, तर झटकन सरळ झाला.

"ही तं जिती हाय!"

ही तार फेरोइलास्टिक जातीची. गार असताना तिच्या आतले सूक्ष्म कप्पे मुळातच कलते असतात, काही इकडे, काही तिकडे. या कप्प्यांना डोमेन म्हणतात, आणि त्या मूळच्या कलाला स्पॉन्टेनियस स्ट्रेन. वाकवलं की कप्पे नुसती बाजू बदलतात. तोंडाची ऊब मिळाली की कलच जातो आणि तार मूळ आकाराकडे ओढ घेते. तीच ओढ दात सरकवते. गुळणीचं कढत पाणी लागलं की ती फाजील वाढते.

"पण गुळणीबिगर गळा कसा खुलंन? अन् थंड पाण्यानं तं आवाज बसते."

"गिळायचं नाही. गुळणी झाली की गार पाणी नुसतं तोंडात धरायचं आणि थुंकायचं."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण तार राहू दिली.

रविवारी फोन आला. "रोल माह्याकडंच हाय, डॉक्टरबाई. मोठे उपकार झाले तुमचे."

खरं तर उपकार त्यांचे. पहिलंवहिलं मोठं काम पणाला लागलेलं असताना त्या माझ्या शब्दावर स्टेजवर उभ्या राहिल्या. एवढा विश्वास मला फार थोड्यांनी दिला आहे.

आता ही तार लावताना मी आधी विचारते, दिवसभरात गरम काय काय तोंडात घेता? दुखतं कधी, एवढंच विचारून भागत नाही. त्याआधी काय केलं, तेही विचारावं लागतं.